ट्रेलरातली माय

सुदामकाकांनी आयुष्यात एकही सिनेमा पाहिलेला नव्हता, आणि तरीही सिनेमावर त्यांच्याइतकं बोलणारा माणूस अख्ख्या सेनगावात नव्हता. ते फक्त ट्रेलर पाहायचे, आणि तेही लहान मुलांच्या कार्टूनच्या सिनेमांचे. वय सत्तरीच्या पुढे, डोक्याला पांढरा रुमाल, हातात फुटक्या काचेचा मोबाईल. माझ्या मेडिकलसमोरच्या बाकावर सकाळी येऊन बसले की बाजूच्या पानटपरीवाल्याला हाक मारायचे, "ये रे, नवं ट्रेलर आलंय. माकडाचं हाय."

याला कारण होतं. तरुणपणी ते तंबूतल्या टॉकीजचे अनाउन्सर होते. जीपवर भोंगा बांधून जत्रेच्या आसपासची गावं फिरायची आणि आज कोणता खेळ आहे ते ओरडून सांगायचं. साखरा गावात ओरडून झालं की पुढचं गाव. तंबूत खेळ सुरू व्हायचा तेव्हा काका उद्याच्या गावाला निघालेले असायचे. मालकानं त्यांना प्रत्येक सिनेमाची गोष्ट इंटरव्हलपर्यंतच सांगितलेली. "पुढचं तुला कळलं तं तू बोलून बसशील," असं मालकाचं म्हणणं. काकांना ते पटलेलं होतं. "पब्लिकला अर्धी भाकर दाखवायची भाऊ. आख्खी दाखवली की पोट पाहूनच भरते. बराबर हाय का न्हाई?"

मोठ्यांच्या सिनेमाचे ट्रेलर त्यांना आवडत नसत. "ते एकल्या मानसाला बोलावते. लेकराचं ट्रेलर आख्खं घर बोलावते. लई अवघड काम हाय ते." मग ते बोट ठेवून मला दाखवायचे. माकड झाडावरून आपटलं, हे लेकरासाठी. माकडीण पिल्लाला पोटाशी धरते, हे बाईसाठी. बाप माकड घरातल्या गोंधळाला वैतागून कान झाकतो, हे बाप्यासाठी, कारण तिकीट त्यालाच काढायचं असतं. आणि झाडाखालचं म्हातारं कासव काहीतरी शहाणपणाचं बोलतं ते?

"ते माह्यासाठी," काका छाती पुढे काढून म्हणायचे. "म्हातारं घरी एकलं ठुलं तं त्याच्याजवळ कोन बसंल? मंग घरातलं एक जन तरी मागं राहाते. एक तिकीट कमी. म्हनून म्हाताऱ्यालाबी वढायचं."

हा सगळा अभ्यास ते माझ्या गिऱ्हाइकांवर तपासून पाहायचे. एकदा तापानं फणफणलेला एक माणूस गोळ्यांसाठी थांबला होता. काकांनी त्याच्या तोंडासमोर मोबाईल धरला.

"हासले का न्हाई?"

"काका, मला ताप आहे."

"पर हासले ना जरासे?"

"जरासा."

"तापात मानूस हासला! भाऊ, हा पिच्चर हिंगोलीत महिनाभर हालत न्हाई."

तो सिनेमा आठवडाभरही टिकला नाही. काकांना त्याचं काहीच वाटलं नाही. "ट्रेलरची काय गलती? पिच्चरनं घात केला."

मला त्यांचा कंटाळा यायचा, हे कबूल करतो. आणि कंटाळा आला याचं पुन्हा वाईटही वाटायचं. माझा स्वभावच तसा. पाऊस लांबला तरी माझंच काही चुकलं असेल, असं मला वाटतं.

पण एका गोष्टीत खरोखरच माझं चुकलं होतं. मुक्ता माझी एकुलती एक मुलगी. तिची आई गेली त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पोरगी कोमेजली होती. एका खारीच्या पिल्लाचा ट्रेलर पाहून ती कितीतरी दिवसांनी हसली, म्हणून मी तिला हिंगोलीला तो सिनेमा दाखवायला नेलं. ट्रेलरमध्ये नुसत्या उड्या आणि धडपडणं होतं. सिनेमात मात्र सुरुवातीलाच पूर आला आणि खारीची आई वाहून गेली. मुक्ता रडली नाही. माझी बाही ओढून म्हणाली, "पप्पा, घरी जाऊ." त्यानंतर तिनं सिनेमाचं नाव काढलं नाही.

मी हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी तो ट्रेलर पुन्हा लावला आणि शेवटपर्यंत पाहिला. मग म्हणाले, "हे पाहा. पयल्या अर्ध्यात माय हाय. नंतरच्या अर्ध्यात कुठंच न्हाई. भाऊ, ट्रेलरात कोन दिसते ते पाहू नये. शेवटी कोन दिसत न्हाई ते पाहावं."

तेव्हापासून त्यांचा अभ्यास बदलला. कोण हसलं हे विचारणं बंद झालं. नवा ट्रेलर आला की ते मान वाकवून आई शोधत बसायचे. "कोंबडीच्या पिच्चरात माय शेवटपर्यंत हाय, नाचते. मगरीच्यात न्हाई. मगरीच्याला जाऊ नका." जणू माझ्या औषधांवरची मुदत तपासत असावेत, तसा त्यांचा आवाज असायचा.

यंदा उंटाच्या पिल्लाचा सिनेमा आला. मुक्ताच्या मैत्रिणींनी रविवारी जीप करून हिंगोलीला जायचं ठरवलं. मुक्तालाही जायचं होतं. रात्रीच्या जेवणाला तिनं ताटाकडे पाहत विचारलं, "त्यातली आई मरते का हो पप्पा?"

मला माहीत नव्हतं. ट्रेलरमध्ये वाळूचं वादळ होतं, त्यात आई दिसेनाशी होत होती. पुढे पिल्लू आणि एक बावळट सरडा, नुसती मजा. मोबाईलवर शोधलं तर सगळी सभ्य माणसं. शेवट सांगून आम्ही मजा घालवणार नाही, असं प्रत्येकानं लिहिलेलं. एकानं तर "रुमाल घेऊन जा" एवढंच लिहून ठेवलेलं. सिनेमा नुकताच लागला होता, आमच्याकडचं कुणी पाहून आलं नव्हतं.

काकांनी ट्रेलर पुन्हा पुन्हा लावला. "शेवटी माय दिसत न्हाई."

"म्हणजे गेली?"

"गेलीबी असंल. न्हाईतं मुद्दाम लपवून ठुली असंल. मी बी तेच करत होतो ना भाऊ. लपवनं हाच तं धंदा." पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "ट्रेलरवरून सांगता येत न्हाई."

मी मुक्ताला म्हणालो, आपण जाऊन पाहू, नको वाटलं तर परत येऊ. ती "बरं" म्हणाली. रविवारी सकाळी दुकान उघडलं तर बाक रिकामा. काकांची तब्येत बरी नसेल, असं वाटलं. चौकशी करायला हवी होती, पण जीप आली आणि आम्ही निघालो.

थिएटरबाहेर दुपारच्या खेळाची रांग लागली होती. मैत्रिणी पोस्टरसमोर फोटो काढत होत्या. मुक्ता माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि तिनं माझी बाही धरली. त्या बाहीवरचा तो हात मी ओळखला. पोट दुखतंय असं खोटं सांगावं, पोरीला घेऊन परत जावं, असं माझ्या मनात आलं. एवढ्यात आधीचा खेळ सुटला. लेकरं, आया, बाप बाहेर यायला लागले. सगळ्यांत शेवटी, एकटेच, रुमालानं डोळे पुसत सुदामकाका आले.

त्यांनी मुक्ताला पाहिलं. आणि जीपवरून गावंच्या गावं गोळा करणारा तो आवाज भोंग्याशिवाय सुटला.

"मुक्ते! बिनधास्त जाय माय! उंटाची माय जित्ती हाय! वादळात हारपते, पर शेवटी सापडते! त्या सरड्याला दिसते ती!"

रांग हादरली.

"ओ काका, काहून सांगून राहिले?"

"चाचा, पूरी पिक्चर बता दी आपने!"

"हे म्हातारं कुनाचं हाय हो?"

दारावरचा माणूस शिटी वाजवत धावत आला. पण माझ्यापुढे कडेवर लेकरू घेऊन उभी असलेली एक बाई हळूच म्हणाली, "बरं झालं सांगितलं. मला बी भ्याव वाटून राहिलं होतं."

मुक्ता हसली. माझी बाही सोडली आणि मैत्रिणींच्या घोळक्यात पळाली. ती दारातून आत जाईपर्यंत मी नुसता बघत राहिलो. छातीवरचं काहीतरी उतरलं. केव्हापासून होतं कोण जाणे.

आत जायच्या आधी मी काकांना कडेच्या टपरीवर चहा पाजला. रांगेतले लोक अजून त्यांच्याकडे रागानं बघत होते.

"सकाळच्या एसटीनं आलात?"

"मंग? कोनीतरी आधी पाहून याय पायजे होतं ना." ते जरा ओशाळले. "इंटरव्हल झाला तं मी उठून भायेर आलो. वाटलं, संपलं. दारावरच्यानं हाताला धरून परत बसवलं. म्हने, बाबा, अर्धा अजून बाकी हाय."

"डोळे का लाल?"

"रडलो."

"आई सापडली ना पण?"

"सापडली म्हनून तं." त्यांनी बशीत चहा ओतला, पण तो प्यायले नाहीत. "आख्खी जिंदगी लोकायला सांगत आलो, पुढं काय होते ते पडद्यावर पाहा. मला वाटे, पुढं वाईटच होत असंल, म्हनून मालक सांगत न्हाई. पुढं चांगलंबी होते, हे मला कोनी सांगलंच न्हाई भाऊ."

मग त्यांनीच मला ढकललं. "जावा आता. वादळ लई मोठं दाखवलंय. लेकराजवळ बसा."

"आणि तुम्ही?"

"मी हितंच बसतो. तुमच्या संगं जीपमधी येतो. एसटीत लई धक्के बसतात."

आत अंधार होता. चाचपडत मी मुक्ताच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो. पडद्यावर वारा सुटला, वाळू उठली, उंटाची आई धूसर होत होत दिसेनाशी झाली. माझे हात आपोआप घट्ट मिटले. अंधारात एक छोटा हात माझ्या मुठीवर येऊन बसला.

"पप्पा, घाबरू नका," मुक्ता कुजबुजली. "सरड्याला दिसते ती."