जांगडावरचा सोफा

कायद्यातून पळवाट काढावी ती आमच्यासारख्यानेच. बी.कॉम.ला व्यापारी कायद्यात मला बासष्ट मार्क होते. माल पसंतीवर घरी आणायचा, मुदतीत नकार कळवायचा, की विक्री झालीच नाही. मिरा रोडचे आमचे दुकानदार याला जांगड म्हणतात.

२००५ सालची गोष्ट. धाकटी बहीण मिनल हिने ऑफिसातला प्रणय स्वतःच पसंत केला होता. भाईंदरजवळच्या राई गावचा मुलगा. त्याचे वडील शिवदासकाका रविवारी त्याला घेऊन आमच्या सिल्व्हर पार्कच्या घरी येणार होते. आमचे बाबा नसल्याने होकार देणारा मी. घरात बसायला मात्र दोन प्लास्टिकच्या खुर्च्या.

"हिचं लग्न या खुर्च्यांवर अडायला नको," आमची बायको सुचेता म्हणाली.

मी फर्निचरवाल्या हसमुखभाईंकडून मरून रंगाचा सोफा जांगडावर उचलला. चिठ्ठीवर स्पष्ट होतं, रविवारी सहापर्यंत नकार कळवा, नाहीतर माल तुमचा. पाहुणे चारला येणार, साडेपाचला जाणार, पावणेसहाला माझा नकार. एक दिवसाचा थाट, तोही कायदेशीर! मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

पाहुणे साडेपाचला आले.

पोहे झाले, चहा झाला, काकांनी त्यांच्या मिठागराच्या गोष्टी काढल्या. सहाला पाच कमी असताना मी मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात सटकलो.

"हसमुखभाई, नाही ठेवत. परत पाठवतोय."

"क्यूं साहेब? इतना अच्छा तो है."

"दिसायला बरा आहे हो. पण आतून पोकळ, पाय लटपटतात. आमच्या घराला नाही शोभत."

मागे वळलो तर दारात शिवदासकाका. पाणी मागायला आले होते.

"आमचा प्रणय पोकळ हाय?" त्यांचा आवाज हॉलपर्यंत गेला. "पाय लटपटतात? कबड्डी खेळतो तो! पसंत न्हाय तर तोंडावर सांगायचं. चल रे प्रणय."

मिनल हॉलमध्ये उभीच्या उभी पांढरी पडली. सोफ्याचं खरं सांगावं तर उसना थाट उघडा पडणार, गप्प बसावं तर लग्न मोडणार. काका चपला घालायला लागले.

"काका, थांबा," मी धावलो. "ते दुसऱ्या स्थळाला नकार कळवत होतो. मला हाच पसंत आहे. अगदी पसंत. आजपासून हा कायमचा आमच्या घरातला!"

काकांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मग एक चप्पल काढली, मग दुसरी. सुचेताने घाईघाईत त्यांच्या तोंडात पेढा कोंबला. मिनल रडता रडता हसायला लागली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

इतक्यात हातातला मोबाइल बोलला. मी तो बंदच केला नव्हता. घाईने कानाला लावला.

"सुन लिया साहेब," हसमुखभाई म्हणाले. "पसंद है, कायम का आपका. मुबारक हो. बिल कल भेजता हूं."

वाद घालता आला असता. पण ऐकायला काका समोरच होते.

"पाठवा," मी म्हणालो.

आता काका व्याही म्हणून येतात तेव्हा सरळ चटई मागतात. त्या दिवशी पाणी हे नुसतं निमित्त होतं, म्हणे. सोफ्यावर त्यांची कंबर धरली होती.