बरणी क्रमांक एकशे बारा

तालुक्याच्या तंबाखूमुक्ती केंद्राचं अनुदान बंद झालं, तेव्हा तिथे जमा असलेल्या सगळ्या सवयी एकतीस मार्चच्या आत मालकांना परत करायचं ठरलं.

एसटीच्या वर्कशॉपमधल्या भागवत तांदळेला वीस तारखेला नोटीस आली. 'आपली सवय (बरणी क्रमांक ११२, वय सव्वीस वर्षे) ओळखपत्र दाखवून घेऊन जावी. मुदतीत न नेल्यास पोस्टाने घरपोच पाठवण्यात येईल.' दीड वर्षापूर्वी तंबाखूने आखडलेल्या भागवतच्या तोंडात जेमतेम दोन बोटं जायची. आता अडीच जात होती; निरोगी तोंडात तीन जातात. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "पुन्हा धरलीत तर हे तोंड माझ्या हातात राहणार नाही."

त्याने नोटीस ट्रंकेत, कालिंदीच्या लग्नातल्या शालूखाली लपवली. बायकोपासून लपवायची वस्तू बायकोच्याच शालूखाली! माणूस नटबोल्टात हुशार, बाकी आनंदच होता.

पुढचे दहा दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. पोस्टमनची सायकल दिसली की तो संडासात जाऊन बसायचा. सकाळी आरशासमोर तोंडात बोटं घालून मोजायचा.

"काय ओ, सारखी बोटं?" कालिंदी विचारायची.

"दाढ."

शेवटच्या दिवशी तो केंद्रावर गेलाच. कपाटं जवळजवळ रिकामी झाली होती. समुपदेशक खरमाटेबाई उरलेल्या बरण्यांवरची धूळ पुसत होत्या.

"बाई, माझी राहू द्या की इथंच. पडून राहील कोपऱ्यात."

"अहो, कोपरा तरी आमचा कुठे राहिलाय? उद्या खोलीला कुलूप." त्यांनी रजिस्टरवर बोट फिरवलं. "एकशे बारा... तुमची तर चार दिवसांपूर्वीच गेली."

"गेली? कुठं?"

"हस्तांतर झालं. मालकाची प्रकृती बरी नसेल तर घरातल्या माणसाला स्वतःच्या नावावर करून घेता येते. ही सही."

सही कालिंदीची होती.

"मी विचारलं हो, घरी सांगितलंय का," बाई म्हणाल्या. "तर म्हणाल्या, त्यांचं अजून अर्धं बोट उघडायचं राहिलंय."

भागवत धापा टाकत घरी आला. कालिंदी उंबऱ्यावर बसली होती. दिवसातून दुसरा चहा न घेणारी बाई. तिचा अंगठा डाव्या तळहातावर फिरत होता. मग तिने थाप मारली, फुंकर घातली, कोपर जरासं बाहेर काढून, थेट त्याच्यासारखी.

"शालूला ऊन दाखवायला काढला होता," ती म्हणाली.

भागवतला रडू फुटलं. सव्वीस वर्षं तिने हेच बघितलं होतं; तिच्या जागेवरून ते त्याला आज पहिल्यांदा दिसत होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली, जरा लाजून.

"अहो, कोपऱ्यावरून चुना आणता का? संपत आलाय."

भागवतने काढलेल्या चपला पुन्हा पायात घातल्या.