एकशे चार टक्के लोकसहभागाचं मैदान

ज्या कामाला सगळ्यांचा हात लागतो, ते काम सगळ्यांचं होतं. मोहर्लीच्या रस्त्यावरल्या आमच्या गावात क्रीडांगण उभारून लोकसहभाग समितीने हे सिद्ध केलं आहे. मी समितीचा सचिव आहे, तेव्हा थोडी स्तुती चालवून घ्यावी.

मागणी मूळची कुंताबाईंची. त्यांची भाग्यश्री सातवीत आहे आणि कबड्डीत चढाई करते. शाळेला पटांगण नाही, म्हणून पोरी डांबरी रस्त्यावर सराव करत. मागच्या हिवाळ्यात तिथंच जंगल सफारीच्या जिप्सीचा धक्का लागून तिच्या संघातल्या सोनूचा पाय मोडला. तेव्हा कुंताबाई ग्रामसभेत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पोरीइले खेळाले जागा द्या. बाकी मले काई नाई पायजे."

एवढ्या साध्या मागणीवर लगेच काम करणं लोकशाहीला शोभलं नसतं. आम्ही घरोघरी फॉर्म वाटले. प्रतिसाद एकशे चार टक्के आला (काहींनी उत्साहाने दोनदा भरले). मुलांची नावं मतदार यादीत नसल्यामुळे त्यांना फॉर्म देता आले नाहीत. त्यांचा सहभाग श्रमदानात घेतला. भाग्यश्री आणि तिच्या मैत्रिणींनी चार रविवार गोटे वेचले, झुडपं उपटली, पाणी मारून जमीन धोपटली. जागा अशी सपाट झाली की ताट ठेवलं तर वरण कलू नये. आसपास इतकी सपाट जागा दुसरी नाही, हे मग गावाच्याही लक्षात आलं.

लोकसहभागात कोणाला नाही म्हणायची पद्धत नाही. त्यामुळे सर्व सूचना मान्य करून वेळापत्रक केलं. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, आणि लगेच नाटकाचा मंडप (सूचना: केवळरामभाऊ, अध्यक्ष, नाटक मंडळ). मंडपाच्या कडेला धानाची चुरणी, म्हणजे मळणी. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वाळतात, मे महिन्यात तेंदूपत्त्याचे पुडे. पावसाळ्यात पाणी साचतं. पण जमीन सपाट असल्यामुळे सगळीकडे सारखं साचतं, कोणावर अन्याय होत नाही. उरलेल्या दिवसांत सफारीवाल्या सुरेंद्रच्या चार जिप्सी उभ्या राहतात. त्या रस्त्यावर उभ्या केल्या, तर तिथं खेळणाऱ्या मुलांना धोका असतो.

खेळासाठी दसऱ्यानंतरचे नऊ दिवस राखीव आहेत. तालुक्याचे सामने ऑगस्टमध्ये होतात, हा सामन्यांचा दोष.

कुंताबाईंनी वेळापत्रक दोनदा वाचलं आणि विचारलं, "मंग पोरी खेळतीन कुठी?"

केवळरामभाऊंनी तंबाखू चोळायला घेतली. मला खरोखर वाईट वाटलं, आणि मी ते इतिवृत्तात नोंदवलं (ठराव क्रमांक चौदा, सचिवांस वाईट वाटल्याबाबत, एकमताने मंजूर).

ऑगस्टमध्ये भाग्यश्रीचा संघ पहिल्याच फेरीत हरला. डांबरावर शिकलेल्या पोरी अंग टाकून पकड करत नाहीत. पडलं की कातडं निघतं, हे त्यांच्या गुडघ्यांना ठाऊक असतं. समोरचा संघ मातीत वाढलेला होता. दुसऱ्या दिवशी भाग्यश्रीने खडूने रस्त्यावर पुन्हा रेघा मारल्या. मैदान मात्र सुस्थितीत आहे. शेजारच्या तीन गावांनी ते पाहून आमचा आदर्श घ्यायचं ठरवलं आहे.

हे वाचून आमच्या अडाणीपणाचं तुम्हाला हसू आलं असेल. अवश्य हसा. पण तुमच्या सोसायटीच्या नकाशात जिथं मुलांच्या खेळासाठी म्हणून हिरवा चौकोन दाखवला होता, तिथून उद्या सकाळी गाडी काढाल, तेव्हा एवढं करा: मधे येणाऱ्या पोरांवर हॉर्न जरा हळू वाजवा.