देवरे काका आणि पिवळं वर्तुळ

देवरे काका कुणाच्याही घरी गेले की आधी संडास बघतात. चपला काढायच्या, पाण्याच्या पेल्याला नको म्हणायचं आणि "जरा जाऊन येतो" म्हणून थेट आत. बाहेर येतात ते बाह्या सरसावून. मग त्या घराची खैर नसते.

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत बोअरचं पाणी. इतकं जड, की नळांवर पांढरी पुटं चढतात आणि कमोड पिवळे पडतात. आम्ही सगळ्यांनी ते नशीब म्हणून सोडून दिलंय. काकांनी नाही. मूळचे सटाण्याकडचे, उभा जन्म शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुण्यात गेलेला, आणि काकू गेल्यापासून आमच्या समोरच्या फ्लॅटात एकटे. "डाग हट्टी नसतो, माणूस आळशी असतो," हे त्यांचं ब्रीद. तारेचा ब्रश दिसला की त्यांचं डोकंच फिरतं. "चरे पाडता, मग त्याच चऱ्यांत क्षार बसतो. अक्कल गहाण टाकली का?" तिसऱ्या मजल्यावरच्या बाई एकदा ॲसिडवर ब्लीच ओतायला निघाल्या, तर काकांनी बाटलीच हिसकावली. "मरनं शे का तुमले?" राग आला की ते असे अहिराणीत शिरतात.

परवा मात्र त्यांनी हद्द केली. माझ्या लेकीला बघायला मंडळी आली होती. पोह्यांच्या बशा हातात, मुलाच्या आईनं नुकतंच पडद्यांचं कौतुक केलेलं. तेवढ्यात काका पेढे घेऊन आले, नात चौथीत गेली म्हणून. मी "बसा" म्हणेपर्यंत आत गेलेसुद्धा. दहा मिनिटांनी गरजले, "हाई काय शे, ताई? पाण्याच्या रेषेला पिवळं वर्तुळ! लिंबूसत्व आणलंच नाही ना?"

मुलाच्या आईनं उचललेला चमचा परत बशीत ठेवला. काका थांबतील तर शपथ! कमोडातलं पाणी मगानं उपसायचं, लिंबूसत्वात भिजवलेली फडकी डागावर चिकटवायची, चार तास हात लावायचा नाही, मग दगडाच्या ओल्या वज्रीनं घासायचं, टाचा घासतो तसं, पण हळू. पोहे खाणाऱ्या माणसांना हे सगळं साभिनय!

मंडळी गेली. संध्याकाळी पत्रिका जुळत नसल्याचा फोन आला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. हा म्हातारा स्वतःला समजतो कोण? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं दार वाजवलं, "जरा जाऊन येते" म्हटलं आणि आत घुसले. एक डाग, फक्त एक सापडू दे, अख्ख्या सोसायटीला बोलावून दाखवणार होते.

कमोड पांढराशुभ्र. वाकून कडेखाली पाहिलं, तिथंही काही नाही. मी आणखीच चिडले. मग फ्लशच्या टाकीवर लहान मुलांची सीट दिसली. गुलाबी, बदकाचं चित्र, वरचं प्लॅस्टिकही न काढलेलं.

"नातीची, पिहूची," काका दाराशी येऊन म्हणाले. आवाज एकदम खाली. "साडेतीन वर्षांची होती, पुण्याहून आली होती. माझं भांडं पिवळं पडलेलं. मला सवयीनं दिसतच नव्हतं. पोर बसेचना, रडायला लागली. पोरगा सगळ्यांना घेऊन हॉटेलात गेला, सकाळी तिकडूनच पुण्याला. तेव्हापासून राहायला कोणी आलं नाही. फोन करतात."

मग उसळले. "तुमच्यापैकी एकानंही मला सांगितलं नाही हो! काकू आजारी असताना तुम्ही तर रोज यायचात!"

यायचे. दिसायचंही. घरी जाऊन नाक मुरडायचे.

काकांनी रुमालानं सीटवरची धूळ पुसली. "दिवाळीला येतो म्हणालाय. खरं सांगा ताई, आता बसेल ना ती?"

माझा राग गेला नव्हता, पण तो आता पुण्याच्या वाटेला लागला होता, आणि थोडा माझ्याच घरी परतला होता. पिहू चौथीत गेल्याचे पेढे मी आदल्याच दिवशी खाल्ले होते.

"बसेल, काका," मी म्हणाले.