पुढची गाडी थांबली आहे

रस्त्यावरची एकूण एक पाटी मला तोंडपाठ आहे. झोपेतून उठवून विचारा, त्रिकोणातली असो की गोलातली, अर्थ सांगून पुन्हा घोरायला लागेन! म्हणून सूनबाईच्या वाहन चाचणीचा दिवस ठरला तेव्हा मी जाहीरच केलं, शेजारी मी बसणार. तिला जनावरांच्या दवाखान्यात नोकरी लागली होती, आणि संध्याकाळपर्यंत चाचणी पास झाल्याचा दाखला दिला नाही, तर ती जागा दुसरीला जाणार होती. "मामंजी, तुम्ही फक्त बसा," ती म्हणाली. त्यातलं 'फक्त' तेवढं मी ऐकलं नाही.

बाजारातल्या अरुंद रस्त्यावर पुढे एक निळी गाडी उभी. सूनबाईने वळसा घालून जाऊ का विचारलं. मी पाटी दाखवली: लाल गोलात शेजारीशेजारी दोन गाड्या. पुढच्याला ओलांडायला सक्त मनाई! ती म्हणाली, गाडी लावून कुणी निघून गेलं असेल तर? मला हसूच आलं. त्या गाडीच्या डोक्यावर दुसरी पाटी होती, वाहन उभं करण्यास मनाई. जिथे गाडी लावायचीच नाही, तिथे ती लावलेली असेल कशी? म्हणजे ती थांबली आहे. शिवाय चालवणाऱ्याचं डोकं दिसत होतं. अगदी शांत, सभ्य माणूस.

आम्ही थांबलो. आमच्यामागे टेम्पो थांबला, त्याच्यामागे बस. बघता बघता रांग पूल ओलांडून पलीकडच्या गावात शिरली. तिकडच्यांना वाटलं, इकडे काहीतरी फुकट वाटतायत. तेही येऊन उभे राहिले! टेम्पोवाला तणतणत आला. मी त्याला दोन्ही पाट्या समजावल्या. तो इतका चक्रावला, की जाऊन त्याने त्या बसवाल्याला समजावल्या.

शेवटी सूनबाई उतरली, पुढच्या गाडीत डोकावली आणि वळून तिने माझ्याकडे जे पाहिलं, त्याची पाटी अजून निघालेली नाही. ते डोकं नव्हतं. सीटची उशी होती.

तेवढ्यात शेजारच्या केशकर्तनालयातून एक गृहस्थ धावत आले. गळ्यात पांढरं कापड, एका गालावर फेस. मी त्यांना चारचौघांत विचारलं, पाटी वाचता येते का? कापडासकट गाडीत बसून ते सुसाट गेले.

चाचणीच्या कार्यालयात पोचलो आणि मी जागीच थिजलो. टेबलामागे परीक्षक बसले होते. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर वाळलेला फेस!

सूनबाई पांढरीफटक पडली. मला बाकावर बसवून ते तिला चाचणीसाठी गाडीत घेऊन गेले. परत आल्यावर त्यांनी पाट्यांचा तक्ता काढला आणि नेमकी तीच दाखवली.

"याचा अर्थ?"

"हजामत करायची असली तरी इथे गाडी लावू नये, साहेब."

मी डोळे मिटले. गेली नोकरी!

परीक्षकांनी गाल खाजवला. फेसाचा चुरा कागदावर पडला. तो फुंकून त्यांनी सही केली.

बाहेर येऊन मी ऐटीत पुढच्या दाराला हात घातला. दार आतून बंद. काच बोटभर खाली आली.

"मामंजी, शिकाऊ माणसाला शेजारी कुणीतरी लागतं. मी आता दवाखान्यात एकटीच जाते."

"अगं, मग मी घरी कसा जाऊ?"

"पायी जा. फक्त वाटेत कुठे थांबू नका, लोक मागे रांग लावतील."