तीन हॉटेलं, चौदा नावं

तात्या धुरींच्या तीन हॉटेलांना बारा वर्षांत चौदा नावं झाली. चौदाही पाट्या मीच रंगवल्या, म्हणून आकडा छातीठोकपणे सांगतो. तुम्ही म्हणाल, पेंटरला आणखी काय हवं? पण रंग वाळायच्या आत ज्याचं मन बदलतं अशा माणसाचं काम तुम्ही कधी केलेलं नाही. मी केलंय, आणि माझे केस त्यातच पिकलेत.

तात्या दुपारी माझ्या लालबागच्या गाळ्यात यायचे. अर्ध्या बाह्यांचा सदरा, खांद्यावर पंचा, हाताला भाजक्या मसाल्याचा वास. स्टूल पुढे केलं तरी बसायचे नाहीत. "पेंटर, नावात दोष आसा," एवढं म्हणून पाटीच्या पत्र्यावर बोटाने टकटक करायचे. मी ब्रश खाली ठेवायचो आणि त्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने कपाळावर हात मारायचो.

गंमत अशी, की गिरण्यांच्या संपाआधी ह्याच माणसाकडे पाटी नव्हती. चाळीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांची खानावळ. त्यांच्या पत्नी सुशीलावैनी रांधायच्या, तात्या वाढायचे. बायकामुलं गावाला ठेवून इथे एकटे राहणारे गिरणीकामगार दोन्ही वेळा तिथेच जेवायचे. पाळी सुटली की रांग थेट नळापर्यंत. वैनींचं बांगड्याचं तिखलं खाऊन माणसं बोटं चाटत कामावर जायची. सगळा लालबाग त्या जागेला 'वैनीची खानावळ' म्हणायचा. पुढे तात्यांनी भोईवाड्याला आणि दादरला एकेक गाळा घेतला. तिथे लालबागहून डबे भरून जेवण जायचं आणि तिथेही लोक वैनीची खानावळ असंच म्हणायचे. मी तेव्हा धंद्यात नवा होतो. पाटी रंगवून देऊ का, म्हणून विचारायला गेलो, तर तात्यांनी मला वेड्यात काढलं. "गिऱ्हाईक वासार येता. पाटी कशाक होयी?"

मग संप झाला. भोंगे बंद पडले. जेवणारे निम्मे लोक गावी गेले ते परतलेच नाहीत. वैनींनी तरी चूल विझू दिली नाही. भात आणि कुळथाची पिठी का होईना, आलेल्याला पान मांडलं. संप विरून गेला आणि त्याच्या दुसऱ्या वर्षी वैनी साध्या तापाचं निमित्त होऊन गेल्या. तात्या स्वतः चुलीपुढे उभे राहिले. मूलबाळ नव्हतं. तीन गाळे कसेही करून चालू ठेवायचे, एवढा एकच ध्यास त्यांना राहिला.

दिवसपाणी आटोपल्यावर आठवड्याने ते माझ्याकडे आले. पाटी हवी होती. मी लगेच पत्र्यावर खडूने आखायला घेतलं : वैनीची खानावळ, लाल अक्षरं, पिवळी कडा. तात्यांनी पंचाने ते पुसून टाकलं आणि म्हणाले, हॉटेल डायमंड लिही.

बरं, डायमंड तर डायमंड. पण तीन जागांना एकच नाव द्यावं की नाही? नाही. एकाला नजर लागली तर तिन्ही बुडायला नकोत, असा त्यांचा हिशेब. लालबागला डायमंड, भोईवाड्याला सागर किनारा आणि दादरला चक्क न्यू पंजाब. आत मात्र तिन्हीकडे तेच बोंबील आणि तीच सोलकढी. दादरला पनीर खायला आलेली कुटुंबं सुकटीच्या वासाने दारातूनच माघारी फिरायची. ज्यांना सुकट हवी असायची ते पंजाबच्या वाटेला कशाला जातील? मी हे तात्यांना हात जोडून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या महिन्यात न्यू पंजाबचं हॉटेल स्विस केलं.

भोईवाड्याच्या कोर्टातला एक कारकून मला एकदा रस्त्यात भेटला आणि विचारू लागला, की ते अरुण पेंटरचं हॉटेल कुठे गेलं? मला काही उमगेना. मग डोक्यात प्रकाश पडला. मी प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात सही करतो. दरवेळी बदलणाऱ्या पाटीवर न बदलणारं नाव तेवढं एकच होतं, म्हणून बिचाऱ्याने तेच लक्षात ठेवलं होतं. मी ही गोष्ट तात्यांना सांगितली. ते हसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, बघ, म्हणजे पाटी लोक वाचतात.

नाव ठरवायची त्यांची रीत तर आणखी और. चार-पाच नावं कागदावर लिहून घ्यायचे, एसटीने गावी जायचे आणि ग्रामदेवतेला कौल लावायचे. गुरव मूर्तीला पाकळ्या चिकटवणार, तात्या एकेक नाव विचारणार. उजवीकडची पाकळी पडली की नाव पक्कं. "देवान उजवो कौल दिल्यान," असं म्हणत परत आले की पुढे बोलायची सोय नाही. अशाच एका खेपेला देवाने गोल्डन ड्रॅगन मंजूर केला. आमच्या कोकणातल्या देवाला ड्रॅगन म्हणजे काय हे कुठून ठाऊक असणार? पण देवाशी वाद घालणारा मी कोण! मी ड्रॅगन काढला. लोकांना तो सुसर वाटला.

दादरचा गाळा आधी गेला. दोन वर्षांनी भोईवाड्याचा. वैनीची खानावळ शोधत आलेली जुनी माणसं पाटी वाचून पुढे जायची, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. उरला लालबागचा. तोही धापा टाकत होता, आणि तात्या फूड पॉइंट हे नाव घेऊन माझ्यापुढे उभे राहिले.

माझं टाळकं सरकलं. हो म्हणालो आणि फूड पॉइंट लिहिलंच नाही. चांगल्या जाड पत्र्यावर, आयुष्यात जमली नसतील इतकी सुरेख अक्षरं काढली : 'सुशीलावैनीची खानावळ'. दुसऱ्या दिवशी सकाळी ओलीच पाटी त्यांच्या हॉटेलात नेऊन टेबलावर ठेवली. म्हटलं, आता काय शिव्या घालायच्या त्या घाला.

तात्यांनी शिव्या घातल्या नाहीत. मग मी विचारलं, "इतक्या वेळा देवाला कौल लावलात. वैनींचं नाव एकदा तरी विचारलंत?"

"नाय."

"का?"

"देवान हो म्हटल्यान तर?"

मला काहीच कळलं नाही. तात्या समोरच्या बाकावर बसले. मग अडखळत म्हणाले, "तिच्या हाताची चव माका येणा नाय. मी रोज करतंय, रोज चुकतंय. डायमंडचा जेवण वायट झाला तर डायमंडाक शिवी पडतली. तिच्या नावाक कशाक?"

बारा वर्षं मी ह्या माणसाला मूर्ख समजत होतो. दोन हॉटेलं त्याने स्वतःच्या हाताने बुडवली होती, तिसरं बुडवत होता, आणि का, ते एका शब्दाने कुणाला सांगितलं नव्हतं. मला त्यांचा राग आला, स्वतःचाही आला. तुमचं तिखलं वैनींसारखंच होतं, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण ते खोटं होतं, आणि तात्यांना ते माझ्याआधी कळलं असतं.

त्यांनी माझ्या पिशवीतून टर्पेंटाइनची बाटली आणि फडकं घेतलं आणि शेवटच्या अक्षराकडून पुसायला सुरुवात केली. 'खानावळ' गेलं. नावापाशी येऊन हात थांबला. फडकं माझ्यापुढे धरून म्हणाले, "ह्या माझ्यान पुसवणा नाय. तू पूस."

मी फडकं पिशवीत टाकलं. दुसऱ्या पत्र्यावर फूड पॉइंट लिहून दिलं. ते पुढच्या गणपतीपर्यंत कसंबसं चाललं. पहिला पत्रा तात्या घरी घेऊन गेले. आता एकट्यापुरतं रांधतात, आणि तो पत्रा चुलीच्या वर, फोडणीचे शिंतोडे उडणार नाहीत इतक्या उंचीवर लावलाय.