सगुणाबाईसाहेबांच्या मोटारीस नवा नळा बसविला त्याची हकीकत

श्री. जो वायू सर्वांचे उदरी श्वासरूपे वसतो आणि मोटारीचे पोटी अग्नीस जागवितो, त्यास नमस्कार असो. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभकृत नाम संवत्सरी, चैत्रापासून ज्येष्ठाच्या आरंभापर्यंत जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे.

एक राज्य होते, आणि राज्यात घाटाचे पायथ्याशी एक ठाणे होते. ठाण्याच्या धनीण सगुणाबाईसाहेब, वय सत्तरीपुढे, आणि त्यांचे एकुलते पुत्र रायाजीराव. पागेत घोडे उरले नव्हते, एक पांढरी मोटार होती, आणि तिची चाकरी रखमाजी म्हणून जुना माणूस करीत असे. बोलणे थोडे, हात नेटका, इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगावा ऐसा त्याचा लौकिक. वडील थोरले सरकार वारल्यापासून रायाजीराव उदास असत, कशात मन घालीत नसत. मग चैत्री ते राजधानीस गेले आणि तेथे एका दुकानी इंजिनास हवा पुरविणारा चकचकीत नळा आणि त्याचे टोकास लाल शंकूसारखा फिल्टर पाहिला. दुकानदार बोलिला, "कंपनीचा हवेचा डबा म्हणजे गाडीच्या नाकास बोळा. हा लावा, मोकळा श्वास घेईल, दहा घोड्यांचे बळ वाढेल." रायाजीराव संतोष पावले आणि नळा घेऊन आले आणि रखमाजीपुढे ठेविला.

रखमाजीने तो हाती फिरवून पाहिला आणि अर्ज केला, "सरकार, कंपनीचा डबा हेडलाइटमागे उंच आहे. दिसण्यास ओबडधोबड, पण धूळ अडवितो आणि पाण्यापासून दूर राहतो. हा फिल्टर खाली बंपरामागे येणार. थंड हवा मिळेल हे खरे. पण रस्त्यात पाणी लागले तर पहिले हेच तोंड ते पिईल." रायाजीराव हसून बोलिले, "चैत्र चालला आहे, रखमाजी. पाणी कोठून आणता?" सदरेवरची मंडळीही हसली. मग रखमाजीने आपले हाते नळा बसविला, आणि सांध्यांचे पट्टे ऐसे आवळिले की सुताइतकी हवा फटीतून आत न शिरावी, कारण वाईट काम त्याचे हातास येतच नव्हते.

मग परीक्षा जाहली. नळ्यापूर्वी घाट चढून देवीचे देवळापर्यंत सात मिनिटे दहा सेकंद लागत. नळ्यानंतर सात मिनिटे नऊ सेकंद लागले. परंतु गर्जना ऐसी उठली की उतारावरच्या शेळ्या चरणे सोडून पळाल्या. रायाजीराव उतरून बोलिले, "काय बळ आले आहे." मंडळी म्हणाली, बळच बळ. घड्याळ रखमाजीचे हाती होते, आणि त्यास कोणी पुसले नाही. पुढे तीन आठवड्यांत इंजिनाचा बिघाड दाखविणारा पिवळा दिवा दोन वेळा लागला. फिल्टरास धूळ धरण्यासाठी चोपडलेले तेल उडून हवा मापणाऱ्या तारेस चिकटले होते, ते त्याने पुसून काढिले, आणि नळ्याचे आत बोट फिरविले तो तांबडी बारीक धूळ निघाली. मग तो बाईसाहेबांकडे गेला आणि बोट दाखवून म्हणाला, "आईसाहेब, जुना डबा परत बसवू द्या." बाईसाहेब म्हणाल्या, "आवाज मलाही सोसत नाही रे. पण हे गेल्यापासून पोर पहिल्यांदा हसतो आहे. राहू दे काही दिवस." तेव्हा रखमाजीने जुना डबा गोणपाटात बांधून माळ्यावर ठेविला.

वैशाख वद्य षष्ठीस, भर दुपारी, बाईसाहेबांचे छातीत कळ आली आणि अंगास घाम सुटला. दवाखाना सहा कोसांवर. रखमाजी चालविण्यास बसला आणि रायाजीरावांनी मातोश्रींचे मस्तक मांडीवर घेतले. अर्धी वाट गेली तो पुढे कालवा फुटलेला, आणि रस्त्यावर गुडघाभर पाणी वाहात होते. दुसरी वाट दोन तासांची. जुन्या डब्यावर इतक्या पाण्यातून रखमाजी पूर्वी दोनदा पार जाहला होता. त्याने मोटार थांबविली. रायाजीराव म्हणाले, "घाला." रखमाजी म्हणाला, "नळा पाणी पिईल, सरकार." "आईकडे पाहा आणि मग बोला." रखमाजीने वळून पाहिले, ओठ काळेनिळे पडले होते. मग त्याने मोटार हळूहळू घातली, आणि मध्यावर आली तो ठसका लागावा तैसी गर्जना कोंडली आणि बंद पडली. "पुन्हा किल्ली मारा." "आत पाणी आहे, मारली तर इंजिनाचे दांडे वाकतील." "मारा म्हणतो." त्याने किल्ली फिरविली आणि आत एकच ठोका जाहला. तैसा ठोका त्याने जन्मात ऐकिला नव्हता, तरी अर्थ कळला, आणि हात चाकावरून खाली पडले. तेव्हा बाईसाहेब क्षीण स्वरे बोलिल्या, "का थांबलो, रखमाजी?" तो म्हणाला, "थोडे पाणी आहे, आईसाहेब. ओसरेल." त्या म्हणाल्या, "बरे. कान तरी निवले."

मग दोघांनी त्यांस हातांवर उचलून काठास नेले, आणि ट्रॅक्टर मिळण्यास अर्धा तास गेला, आणि दवाखान्याचे पायरीवर प्राण गेला. डॉक्टर म्हणाले, थोडे आधी येते तर प्रयत्न करता आला असता. तेरावा जाहल्यावर रायाजीरावांनी सदरेवर पुसिले, "नळा कोणी बसविला?" रखमाजी म्हणाला, "मी." "तुम्हास कळत होते, तर का बसविला?" रखमाजी उभा राहिला. आज्ञा होती, हे त्याचे ओठी आले. आईसाहेबांचे बोलणेही आले. परंतु लेकाचे हसू राखावे म्हणून मातेने जे सोसले ते लेकास कोणत्या तोंडे सांगावे, ऐसे मनात येऊन तो काही बोलिला नाही. चाकरी गेली. जाण्यापूर्वी त्याने इंजिन खोलिले. एक दांडा धनुष्यासारखा वाकला होता, आणि इतक्या दिवसांचे धुळीने सिलिंडरांवर ओरखडे पडले होते. ते त्याने कोणास दाखविले नाही, झाकण लावून, हात धुवून निघाला.

तात्पर्य, शर्यतीची मोटार असेल आणि इंजिनाचे बाकी सर्व भाग बदलले असतील, तर ऐशा नळ्याने काही बळ येत असेल. वाटेवरच्या मोटारीस आवाज येतो, धूळ येते, आणि पाणी गाठले तर घात होतो. रखमाजी हल्ली बहिणीचे गावी असतो. कोणी मोटारीविषयी काही पुसले तर उठून जातो. जाहले ते इतके. लिहिणारास याहून अधिक ठाऊक नाही, आणि समाधान सांगावे तर तेही नाही.